बाकीच्या साठांचं काय?

“लोकांना निष्कर्ष सांगावा, पद्धत सांगू नये. पद्धत त्यांना झेपत नाही, आणि अर्धवट कळली की गोंधळ वाढतो.” आमच्या तालुक्याच्या गावी एका व्याख्यानमालेत एक ज्येष्ठ संशोधक असं म्हणाले आणि सभागृहात टाळ्या पडल्या. विषय होता डीएनए आणि आपले पूर्वज. टाळ्या देणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थी होते, द्राक्षबागायतदार होते, दोन निवृत्त मुख्याध्यापक होते. मी ३१ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं. त्या टाळ्यांनी मला दुःख झालं. तुम्हाला हे कळणार नाही असं तोंडावर सांगणाऱ्याला माझीच माणसं दाद देत होती.

वक्त्यांचं नाव मी घेत नाही, कारण हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. शिक्षकांच्या खोलीत, वर्तमानपत्रांच्या कचेरीत, प्रयोगशाळांत ते सर्रास ऐकू येतं. मला ते चुकीचं वाटतं. विज्ञानावरचा लोकांचा विश्वास आज ज्या कारणांनी ढासळतो आहे, त्यांतलं एक मोठं कारण हेच मत आहे असंही मला वाटतं. म्हणून हा प्रतिवाद.

त्यांचं म्हणणं आधी नीट मांडते. ते म्हणाले, ताप आलेल्या माणसाला आपण गोळी देतो, ती शरीरात काय करते याचं प्रवचन देत नाही. करोनाच्या काळात हात धुवा, अंतर ठेवा, लस घ्या, एवढंच सांगितलं. डॉक्टरवर विश्वास ठेवायला औषधशास्त्र यावं लागत नाही. मग पूर्वजांच्या बाबतीतच सगळ्यांना संख्याशास्त्र शिकवायचा हट्ट कशाला?

गोळीपुरतं हे खरं आहे. गोळी घेतली की ताप उतरतो किंवा उतरत नाही. रोग्याला स्वतःच्या अंगावर पडताळा येतो. दोनदा उतार पडला नाही तर तो डॉक्टर बदलतो. चार हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांविषयीच्या विधानाला असा पडताळा नाही. ते खरं की खोटं, हे कुणाच्या अंगावर दिसत नाही, शेतात उगवत नाही. ऐकणाऱ्याच्या हाती एकच प्रश्न असतो, ‘हे तुम्हाला कळलं कसं?’ तो प्रश्नच काढून घेतला तर निष्कर्ष आणि अफवा त्याच्या कानाला सारखेच वाटतात. मग तो निवड करतो ती सांगणाऱ्याचं आडनाव, जात आणि पक्ष बघून. ही निवड करायला आपण त्याला भाग पाडतो, आणि नंतर लोक विज्ञानात राजकारण आणतात म्हणून त्यालाच बोल लावतो.

हे हवेतलं बोलणं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ते आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं.

हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातलं राखीगढी हे हडप्पा संस्कृतीचं मोठं नगर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या चमूने वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या दफनभूमीचं उत्खनन केलं. आपल्या उष्ण, दमट हवेत हाडांतला डीएनए टिकत नाही, म्हणून हडप्पाकालीन माणसाचा जनुकीय नकाशा तोवर कुणालाही मिळाला नव्हता. राखीगढीच्या हाडांचे ६१ नमुने तपासले गेले. उपयोगाचा डीएनए मिळाला फक्त एकात, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या हाडात. त्या एका नमुन्यावर शंभराहून अधिक वेळा प्रक्रिया करावी लागली. एवढं करून डीएनएतल्या बारा लाखांच्या आसपास ठिकाणांपैकी वाचता आली ती सुमारे ३१ हजार. ‘सेल’ या नियतकालिकात हा शोधनिबंध आला. त्याच सुमाराला ‘सायन्स’मध्ये दुसरा, कितीतरी मोठा निबंध आला. त्यात मध्य आशिया, इराण आणि स्वात खोऱ्यातल्या ५२३ प्राचीन माणसांचा नव्याने वाचलेला डीएनए होता. दोन्ही निबंधांच्या लेखकांत बरीच नावं सामाईक होती, शिंदे यांचंही.

पहिल्या निबंधाने दाखवलं की या बाईच्या डीएनएत गवताळ मैदानांतल्या, म्हणजे स्टेपमधल्या, पशुपालकांचा अंश नाही. दुसऱ्याने दाखवलं की तो अंश इसवी सन पूर्व २००० ते १५०० च्या दरम्यान दक्षिण आशियात आला आणि आज इथल्या बहुतेक लोकसमूहांत कमीअधिक प्रमाणात आहे. पहिल्या निबंधाच्या चर्चेतही लिहिलं आहे की भारत-युरोपीय भाषा इथे पोचण्याचा नैसर्गिक मार्ग हाच दिसतो. निबंध निघाले आणि दिल्लीत पत्रकार परिषद झाली. तिथे निबंधाच्याच काही लेखकांनी सांगितलं की आर्यांचं आक्रमण आणि स्थलांतर ही दोन्ही मतं आता खोटी ठरली. दुसऱ्या दिवशी काही वर्तमानपत्रांनी ‘आर्य बाहेरून आले नाहीत’ असा मथळा दिला, काहींनी ‘आर्य बाहेरूनच आले’ असा. आमच्या शिक्षकांच्या खोलीत दोन सहकारी दोन वर्तमानपत्रं घेऊन भांडत होते. दोघांकडे निष्कर्ष होते. पद्धत एकाकडेही नव्हती, म्हणून भांडण मिटायला जागाच नव्हती. शेवटी एकजण म्हणाला, “हे शास्त्रज्ञ सगळे विकलेले.” त्या वाक्याची जबाबदारी मी त्याच्यावर टाकणार नाही.

यातली पद्धत खरंच इतकी अवघड आहे का? मी ती अकरावीच्या वर्गात मिरचीवरून सांगते. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजनेच तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव उकरून काढलं. तिथे जव सापडले, इतर धान्यं सापडली. मिरची सापडली नाही. आज त्याच शिवारात मिरचीच्या ठेच्याशिवाय भाकरी खाल्ली जात नाही. मग मिरचीबद्दल काय म्हणायचं? ‘इनामगावला मिरची नव्हती, म्हणजे मिरची बाहेरून आलीच नाही’ असं कुणी म्हटलं तर वर्गातलं शेवटच्या बाकावरचं पोरही उठून उभं राहतं. तेव्हा नव्हती आणि आता आहे, याचा अर्थ ती मधल्या काळात आली. मिरचीच्या बाबतीत कधी आणि कुठून हेही माहीत आहे. ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात इकडे आली.

राखीगढीच्या बाईत स्टेपचा अंश नसणं हा स्थलांतर न झाल्याचा पुरावा म्हणून सांगितला गेला. तो स्थलांतर तिच्या काळानंतर झाल्याचा पुरावा आहे. एवढं कळायला पदवी लागत नाही.

मिरची आणखी एक गोष्ट शिकवते. ती आली हे ठेच्यावरून कळतं. ती लढाई करून आली की बाजारातून आली, हे ठेच्यावरून कळत नाही. डीएनएतून माणसं मिसळल्याचं कळतं. त्यांच्या हातात तलवार होती की काठी, ते डीएनएत लिहिलेलं नसतं. मोहेंजोदडोच्या सांगाड्यांवरून आर्यांनी कत्तल केली अशी कल्पना मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ मध्ये मांडली, आणि १९६४ मध्येच जॉर्ज डेल्स यांनी पुरातत्त्वाच्या आधारे ती मोडीत काढली. म्हणजे आक्रमणाची ती कल्पना २०१९ मध्ये खोटी ठरली नाही, ती फार आधीच गेली होती. गेलेल्या कल्पनेच्या तिरडीवर स्थलांतराचा जिवंत पुरावा बांधून दोन्ही एकदम नेण्यात आले, आणि लोकांना हे दिसलं नाही कारण कुणी त्यांना आत डोकावूच दिलं नाही.

समोरून उत्तर येतं, हा विषय नाजूक आहे. सगळं उघड सांगितलं तर जातींची भांडणं पेटतील, म्हणून थोडं सांभाळून सांगावं लागतं. या हेतूबद्दल मला आदर आहे. पण सांभाळून सांगण्याचा परिणामही आपण पाहिला आहे. २००९ मध्ये हैदराबादची सीसीएमबी ही संशोधनसंस्था आणि अमेरिकेतले डेव्हिड राइक यांच्या चमूने ‘नेचर’मध्ये भारतीयांच्या जनुकीय इतिहासावर निबंध लिहिला. आज भारतात राहणारे जवळजवळ सगळे समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून झाले, असं त्यात होतं. त्यांतला एक समूह युरोप, पश्चिम आणि मध्य आशियातल्या लोकांशी नात्याने जवळचा होता. राइक यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं आहे की निबंध तयार होताना भारतीय सहकाऱ्यांना ‘पश्चिमेकडून आलेले’ असा अर्थ ध्वनित होणं अडचणीचं वाटलं, आणि बऱ्याच तणावानंतर ‘प्राचीन उत्तर भारतीय’ व ‘प्राचीन दक्षिण भारतीय’ ही नावं ठरली. तडजोड प्रामाणिक होती. पण नावांत ‘भारतीय’ आलं आणि आर्य-द्रविड भेद ही दंतकथा ठरली अशा बातम्या छापून आल्या. निबंधात मात्र उत्तरेकडच्या त्या पूर्वजसमूहाचा अंश निरनिराळ्या गटांत ३९ ते ७१ टक्क्यांपर्यंत बदलतो आणि वरच्या मानलेल्या जातींत व भारत-युरोपीय भाषा बोलणाऱ्यांत तो जास्त आढळतो, असं स्पष्ट होतं. दहा वर्षांनी राखीगढी आली तेव्हा लोकांना वाटलं की शास्त्रज्ञांनी शब्द फिरवला. शब्द फिरलाच नव्हता. तो पहिल्यांदा नीट ऐकूच दिला नव्हता.

आणि भांडणाची भीती ज्या सत्याची वाटते, त्याचा दुसरा अर्धा भाग तर कुणी सांगतच नाही. २०१३ मध्ये याच चमूने दक्षिण आशियातल्या ७३ समूहांचा अभ्यास करून हे मिश्रण कधी झालं याचा काळ काढला. साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी. म्हणजे दोनेक हजार वर्षं इथली माणसं एकमेकांत मिसळत होती, आदिवासी आणि ब्राह्मण दोघांचेही पूर्वज त्या मिसळण्यात होते, आणि त्यानंतर कधीतरी जातीबाहेर लग्न न करण्याचा दरवाजा बंद झाला. मुख्य भूमीवरच्या ज्या गटांची तपासणी झाली त्यांत निखळ, अमिश्र असा एकही निघाला नाही. हे सांगून कुणाचं नुकसान होणार आहे? ज्याला आपल्या रक्ताच्या शुद्धतेचा अभिमान आहे त्याचं होईल. त्याच्यासाठी बाकीच्यांना अंधारात का ठेवायचं?

लोकांना पद्धत झेपत नाही, या मूळ आरोपाकडे आता येते.

माझ्या लहानपणी सुगी झाली की आमच्या घरी हेळवी यायचे. बेळगावकडून यायचे, जाडजूड वह्या घेऊन. घराण्याची वंशावळ वाचून दाखवायचे, नवी नावं लिहून घ्यायचे, धान्य आणि धोतरजोडी घेऊन पुढच्या वाड्यावर जायचे. माझे वडील चौथी शिकलेले. त्यांनी एकदा हेळव्याला अडवलं. “ह्यो कोन म्हनायचा? ह्याचं नाव कुठनं आलं?” हेळव्याने राग मानला नाही. त्याने पान उलटून दाखवलं, “इथंपातुर माझ्या आज्याच्या हातचं हाय, पाटील. त्याच्या मागचं त्यानं दुसऱ्या वहीवरनं उतरून घेतल्यालं. आन् ह्या वरच्या चार पिढ्या ऐकीव.” वडिलांनी मान डोलावली आणि धान्य मापून दिलं. ऐकीव चार पिढ्यांबद्दल पुढे कधी कुणाशी बोलले तर “ऐकीव हाय” एवढं जोडून बोलायचे.

प्रत्यक्ष लिहिलेलं, उतरवून घेतलेलं आणि ऐकीव, पुराव्याच्या या तीन प्रती त्या चौथी शिकलेल्या माणसाला वेगळ्या कळत होत्या. आणि हेळव्याने त्या सांगितल्या म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसला. सगळंच पक्कं आहे असं तो म्हणाला असता तर वडिलांनी त्याला पुन्हा उंबरा चढू दिला नसता.

त्या वहीत माझं नाव नाही. माझ्या आईचं नाही, आजीचं नाही, आत्यांची नाहीत. बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. मी वाय गुणसूत्र शिकवायला लागले तेव्हा मला हीच वही आठवली, कारण वाय गुणसूत्र म्हणजे हेळव्याची वही. ते बापाकडून लेकाकडे जातं आणि बाकी कुणाचीही नोंद ठेवत नाही. आता हिशेब करा. मागे जाताना प्रत्येक पिढीत पूर्वज दुप्पट होतात: दोन, चार, आठ, सोळा. दहा पिढ्या मागे गेलं की १०२४ जागा होतात. वाय गुणसूत्र त्यांतल्या एका माणसाची गोष्ट सांगतं. तीस पिढ्या मागे १०७ कोटींहून जास्त जागा होतात, आणि तेव्हा साऱ्या जगात तेवढी माणसंच नव्हती. म्हणजे तेच ते पूर्वज अनेक वाटांनी पुन्हा पुन्हा येतात, तुमचे आणि माझे बरेचसे तेच असतात. ‘आमचं वाय गुणसूत्र अमुक गटाचं, म्हणजे आम्ही अमुक वंशाचे’ असं छाती काढून सांगणारा माणूस हजारातल्या एका पूर्वजासाठी बाकी १०२३ जणांना विसरतो. त्यांत त्याची स्वतःची आई ज्या बायकांच्या पोटी आली त्या सगळ्या असतात.

हे गणित मी गावातल्या महिला मंडळात मांडलं आहे. अर्ध्या जणींनी पाटी-पेन्सिल हातात घेतली नव्हती त्याला चाळीस वर्षं झाली होती. त्यांना ते झेपलं, आणि त्याच्या पुढचंही झेपलं. एकीने विचारलं, “म्हणजे सासरच्या देव्हाऱ्यात ज्यांचे टाक हायत त्यांच्यापरीस आमचेच पूर्वज जास्त की!” मुलांच्या बाजूने पाहिलं तर निम्मे. तेवढंही त्या देव्हाऱ्यात नाही, हा तिचा मुद्दा होता आणि तो बरोबर होता.

ज्या माणसाने जंगली खुंटावर द्राक्षाचा डोळा भरला आहे, ज्याने खिलार आणि जर्सीच्या संकराच्या तीन पिढ्या गोठ्यात पाहिल्या आहेत, त्याला आनुवंशिकता समजत नाही असं म्हणण्याआधी त्याला एकदा विचारून तरी बघावं.

तज्ज्ञ नसलेल्याने आकडे वाचू नयेत, या मताला आपल्याकडे एक फार मोठा अपवाद होऊन गेला आहे. हर्बर्ट रिस्ले यांनी इंग्रजी अमदानीत माणसांची नाकं मोजून जातींची वांशिक उतरंड लावली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मानववंशशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. पण १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी नाकांच्या मापांचेच तक्ते घेतले, प्रांताप्रांतातल्या ब्राह्मणांची आणि अस्पृश्यांची मापं शेजारी शेजारी ठेवली, आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे वेगळे वंश आहेत हे मत या आकड्यांत बसत नाही, असं दाखवलं. निष्कर्ष तेवढा घ्या, पद्धत विचारू नका, असं त्यांनी मानलं असतं तर? ज्या समाजाला शतकानुशतकं निष्कर्षच ऐकवले गेले, त्याच्या बाजूने उभं राहताना त्यांनी तक्ता मागितला.

दुसरं नाव इरावती कर्वे यांचं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली माणसांच्या कवट्यांवर संशोधन करू लागल्या. कवटीची डावी-उजवी बाजू असमान असण्यात वंशभेद आहे आणि त्यात युरोपीय श्रेष्ठ ठरतात, असं गुरूंचं गृहीतक होतं. कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि मापांत तसा वंशभेद दिसत नाही असं लिहून प्रबंध दिला. परक्या देशातली विशीतली विद्यार्थिनी, आणि समोर पुढे नाझी वंशशास्त्राचा आधार झालेला माणूस. विज्ञानावर विश्वास का ठेवायचा असं मला मुलं विचारतात तेव्हा मी लसींची यादी सांगत नाही. मी या प्रबंधाची गोष्ट सांगते, कारण त्यात अधिकार एका बाजूला होता आणि माप दुसऱ्या बाजूला, आणि टिकलं ते माप.

राहिला आक्षेप विज्ञान सारखं बदलतं हा. हो, बदलतं. राखीगढीच्या निबंधानेच एक मोठी समजूत बदलली. इराणकडच्या शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने येऊन इथे शेती आणली असावी, असं आधी अनेकांना वाटत होतं. या बाईचा इराणशी नातं सांगणारा अंश शेती सुरू होण्याच्या आधीच वेगळा झालेला निघाला. ज्यांनी आधी शेतकऱ्यांच्या आगमनाची शक्यता मांडली होती त्यांतलेच काही लोक हे खोडणाऱ्या निबंधाचे लेखक आहेत. वहीतलं एक पान त्यांनी स्वतः दुरुस्त केलं आणि का केलं ते लिहून ठेवलं. लोकांपुढे ही दुरुस्ती लपवायची गोष्ट आहे असं वाटणाऱ्यांना मी एवढंच विचारीन, दुरुस्ती न दाखवता नवा निष्कर्ष सांगितला तर तो लहर वाटणार नाही का?

पूर्वजांचा विषय कुणाला हौसेचा वाटेल. पण हीच खोड रुग्णालयात आली की जिवाशी येते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं उद्दिष्ट तेव्हा ठरलं. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या बऱ्याच भागात हा आजार आहे. माझी एक विद्यार्थिनी तिकडे प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. ती सांगते, आई-बाप दोघे वाहक असतील तर चारांत एक मूल आजारी निघण्याची शक्यता, हा निष्कर्ष सगळीकडे पोचला आहे. पद्धत पोचली नाही. म्हणून पहिलं मूल आजारी निघालेली जोडपी निर्धास्त होतात: एक झालं, आता पुढची तीन चांगली. तिने एका मडक्यात चार चिठ्ठ्या ठेवल्या, एकीवर खूण. चिठ्ठी काढायची, बघायची आणि परत मडक्यात टाकायची. दर वेळी चारही चिठ्ठ्या मडक्यात. पाच मिनिटांत बायकांना कळलं, आणि एकजण तिथेच रडायला लागली.

‘हा आदिवासींचा आजार’ हाही असाच एक सुटा निष्कर्ष. त्यामुळे विदर्भातल्या इतर समाजांतली माणसं तपासणीला येत नाहीत, आणि वाहक असलेल्या पण ठणठणीत मुलींची लग्नं मोडतात. ज्या मुलुखात पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे या जनुकाची एकच प्रत असलेली मुलं मलेरियातून वाचत गेली, म्हणून ते टिकलं, हे कारण सांगितलं की तपासणीच्या कार्डावरच्या खुणेकडे बघण्याची नजर बदलते. माझी विद्यार्थिनी ते कारण दर वेळी सांगते. तिच्या वरिष्ठांना त्यात वेळ वाया जातो असं वाटतं.

वडील गेले त्याच्या आदल्या वर्षी, नव्वदीला टेकले असताना, मी त्यांना राखीगढीची गोष्ट सांगितली होती. डीएनए म्हणजे काय हे वहीवरून सांगितलं, मिरचीवरून पुढचं. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, “हाडं एकसष्ट तपासली म्हनलीस. एकीचंच निघालं. मग बाकीच्या साठांचं काय? त्या एका बाईवरनं समद्या मुलखाचं कसं ठरवायचं? ती बाहेरगावची सून असली तर?”

हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता, आणि त्यांनी त्याचं उत्तर शोधलं होतं. तुर्कमेनिस्तानातल्या गोनुर आणि इराणमधल्या शहर-ए-सोख्ता या हडप्पाशी व्यापार असलेल्या गावांत अकरा माणसं अशी सापडली होती की त्यांचा डीएनए तिथल्या इतरांशी जुळत नव्हता. तो या बाईशी जुळला. एकमेकांपासून शेकडो कोस लांब असलेल्या तीन ठिकाणी तोच साचा मिळाला, म्हणून तो हडप्पा संस्कृतीच्या लोकांचा असावा असं मानायला आधार आहे. वडिलांनी विचार केला आणि म्हणाले, “बारा झाले म्हंजे. अजून बगाया पायजेत, पन एकापरीस बरं.” निबंधात भाषा वेगळी आहे, पण त्या अकरांची जोड का द्यावी लागली, ते वडिलांनी न वाचताच ओळखलं होतं.

त्या वक्त्यांना माझी विनंती आहे. पावसाळ्यात, खरड छाटणीनंतरची कामं उरकली की आमच्या गावात लोकांना संध्याकाळी वेळ असतो. या. निबंध घेऊन या, फळा आणि खडू मी आणते. ६१ नमुन्यांपासून सुरुवात करा, शंभर वेळा केलेली प्रक्रिया सांगा, वाचता आलेली ३१ हजार ठिकाणं सांगा, न वाचता आलेलीही सांगा. आणि मग गप्प बसून, पहिला प्रश्न कुठून येतो ते बघा.